एमजीबी घ्यायची आहे: तयार, की खोलून ठेवलेली?

घाटवाट (बाणेर)

नमस्कार मंडळी,

एमजीबी रोडस्टर, म्हणजे ती जुनी, उघड्या टपाची ब्रिटिश टू-सीटर, घ्यायची असं घरात ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय आणि बायकोने अजून नाही म्हटलेलं नाही. समोर दोन गाड्या आहेत, दोन्ही १९७१ च्या, दोन्ही क्रोम बंपरवाल्या.

पहिली मुंबईत. लाल रंग, नवा टप, नवी सीटं, तारांची चाकं लखलखीत. मालक म्हणतो ‘फुल रिस्टोअर’ केलीय. फोटो भरपूर पाठवले, पण सगळे काम झाल्यानंतरचे. किंमत माझ्या बजेटच्या अगदी काठावर.

दुसरी साताऱ्याच्या पुढे एका शेडमध्ये. बॉडी भिंतीला लावलेली, इंजिन आणि गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर, बाकीचं गोण्यांत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. मालक म्हणतो ‘सगळं आहे, फक्त जोडायचंय’. तयार गाडीच्या साधारण एक तृतीयांश मागतोय. आरसी बुक आहे, पण नूतनीकरण कधीचं राहून गेलंय.

माझी परिस्थिती: नोकरी हिंजवडीत. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक पार्किंग, तेही खांबाला चिकटून. बुलेटचं सगळं काम स्वतः करतो, वेल्डिंग येत नाही. पावसाळा ओसरला की पहाटे ताम्हिणीतून गाडी काढायची, एवढीच हौस. कागदावर हिशेब मांडला तर प्रोजेक्ट स्वस्त पडतो. पण हिशेब मीच मांडलाय, म्हणून इथे विचारतोय.

लाल_टप

डोळे झाकून प्रोजेक्ट घ्या! तयार गाडीत दुसऱ्याची आवड विकत घेता. स्वतः जोडलेल्या गाडीचा प्रत्येक आवाज ओळखीचा असतो, रस्त्यात बंद पडली तरी कुठे हात घालायचा ते कळतं. मी स्पिटफायर (तीही जुनी ब्रिटिश उघडी गाडी) अशीच पोत्यांतून उभी करतोय. वेळ लागतो, पण रविवार कसे जातात कळत नाही.

भोसरी_टूलरूम

लाल_टप यांचा उत्साह खरा आहे. फक्त त्यांची स्वतःची शेड आहे, तिथे थ्री फेज लाइट आहे आणि स्पिटफायरला खाली वेगळी चेसिस असते, या तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या.

घाटवाट, तुमचा हिशेब न बघता सांगतो. इंजिन, रंग, टप, टायर हे धरलं असेल. पत्रा धरला नसेल. एमजीबीत पैसे जातात ते पत्र्यात.

या गाडीला चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. त्यात रोडस्टरला डोक्यावर छप्पर नाही. मग पुढचा आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम मुख्यतः दरवाजाखालच्या दोन पेट्यांवर येतं. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून एक साधी पट्टी दिसते, पण आत बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली घडी घातलेली एक पट्टी, अशी बंद पेटी असते. माती आणि पाणी आत साचतं आणि सड आतून सुरू होते. बाहेर फोड दिसेपर्यंत मधल्या पत्र्याची चाळण झालेली असते.

हे बदलायचं म्हणजे बॉडी लेव्हलमध्ये टेकवायची, दरवाजाच्या चौकटीत आडवी नळी टॅक मारून तिला जखडायचं, एका वेळी एकच बाजू कापायची आणि दर टाक्याला दरवाजा लावून फट बघायची. हे न करता ग्राइंडर चालवला तर बॉडी मधून बसते आणि बसलेली तशीच वेल्ड होते. मग वरून कितीही भारी रंग मारा. पुण्यात पत्र्याचे हात उत्तम आहेत, यात शंका नाही. पण इन्शुरन्सच्या कामावर ज्याचं गॅरेज चालतं तो माणूस तुमच्या एका सिलसाठी दिवसभर फट मोजत का बसेल? माझी बॉडी मी एका गॅरेजला दिली होती, नाव नको. मला महिन्याचं बिल येत होतं आणि बॉडी बाहेर ताडपत्रीखाली पाऊस खात होती. शेवटी टेम्पोत घालून परत आणली, ओळखीच्या एका वेल्डरला बसवून सिल माझ्या डोळ्यांसमोर केले. तुमच्या बेसमेंटमध्ये हे होणार नाही. वेल्डिंगची पहिली ठिणगी उडाली की सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र येईल, आणि ते बरोबरच असेल.

इंजिनची मात्र धास्ती घेऊ नका. १७९८ सीसीचं बी-सिरीज आहे. आपल्या जुन्या अॅम्बेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. पार्ट सरसकट बसतात असं समजू नका, पण अॅम्बेसिडरवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री हे इंजिन उघडताना अडखळत नाही. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं भोसरी-चिंचवडमध्ये होतं. हेड उतरवलंच तर व्हॉल्व्हला कडक सीट रिंगा घालून घ्या. मूळ सीट शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या जमान्यातल्या आहेत, आणि आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्याने खराब होतात आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. मुंबईवाल्याने पेट्रोलचे पाइप बदललेत का, हे विचाराच.

आता ती लाल गाडी बघायला कसं जायचं ते सांगतो. रंगाकडे बघू नका. आधी बोनेट उघडा आणि नटांचे कोपरे बघा. या गाडीचे नटबोल्ट इंचातले. ५/१६ च्या बोल्टचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या पेटीत १३ चा पाना असतो, तो ‘बसतो’. त्या ०.३ मिलिमीटरच्या ढिलाईत कोपरे गोल होतात. कार्ब्युरेटरचे, वॉटरपंपाचे, मॅनिफोल्डचे नट गोल झालेले दिसले तर जिथे हात सहज पोचतो तिथेच असं काम झालंय. जिथे पोचत नाही तिथे काय असेल ते तुम्हीच समजा. मी आयुष्य टूलरूममध्ये काढलं, माणसाला मी त्याने काढलेल्या नटावरून ओळखतो.

मग चुंबक काढा. फ्रिजवरचा चपटा चालतो. सिलवर, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यात, पुढच्या मडगार्डच्या दरवाजाकडच्या खालच्या टोकाला फिरवा. जिथे गळून पडतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी असेल तर चालतं. सिलवर असेल तर नाही.

मग जॅक. दरवाजाखाली जी जॅकची जागा आहे तिथे लावून ती बाजू उचला आणि दरवाजा उघडून लावा. दरवाजाची फट बदलली किंवा दरवाजा अडला तर सिल गेलेत, मालक काहीही म्हणो. सीटमागचं झाकणही उघडा. १९७१ च्या गाडीत तिथे खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या पेट्या अॅसिडने सडतात.

बाकीचं पटकन. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) ग्रीस मिळालंय का ते कळेल. क्लच सोडताना मागून ‘टक्’ झालं तर तारांच्या चाकांच्या हबचे दात बघा. इंजिन चांगलं तापल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या वर हवं.

तुमच्या जागी मी असतो तर या दोन्ही सोडून तिसरी शोधली असती: चालू कागदपत्रांची, रोज सुरू होणारी, रंग विटलेला, टप फाटलेला, सिल ठणठणीत. अशी गाडी लोक फोटो बघून पुढे सरकवतात, म्हणून ती वाजवी भावात मिळते. बुलेटवर बसलेला हात तिला पुरेल.

आरसीबुक

काकांनी पत्र्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. कारण तुमची ताम्हिणी तिथेच अडेल.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आणले. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल यासाठीच रस्त्यावर आणता येते. पहाटे ताम्हिणीला भजी खायला जाणं यातल्या कशातच बसत नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. इंग्लंडमध्ये एमजीबीची नवी शेल मिळते, १९८८ पासून बनवतात. प्रोजेक्टवाल्या पोरांच्या डोक्यात ते हमखास येतं. आपल्याकडे तसं केलंत तर नोंदणीचा पेच होईल.

म्हणजे तुम्हाला साधी, जिवंत आरसी असलेली गाडी हवी. तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ८०,००० आहे. हे कोणाच्याच हिशेबात नसतं.

एमजीबी आपल्याकडे कधी बनली नाही. म्हणजे इथली प्रत्येक गाडी कोणीतरी बाहेरून आणलेली. कशी आणली ते विचारा. दूतावासातल्या कोणाची असेल तर कस्टम ड्यूटी भरल्याचा कागद हवाच. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, मोबाइलवर आलेल्या फोटोवरून नको. साताऱ्याची आरसी कोणाच्या नावावर आहे? तो माणूस हयात आहे का? नसेल तर वारसांच्या सह्या. भाऊबंदकी असेल तर गाडी तुमची व्हायच्या आधी मुलगा कॉलेजात जाईल.

लाल_टप

काका, थ्री फेज नाही, सिंगल फेजच आहे 😄 बाकी मान्य. पण एक सांगतो, तयार गाडी घेऊन लोक ती झाकून ठेवतात, ओरखडा पडेल म्हणून. माझी निदान उघडी तरी असते.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. शनिवारी मुंबईला जाऊन आलो. जॅक, चुंबक आणि इंचाचे पाने घेऊन गेलो. जॅक बघून मालकांचा चेहराच बदलला.

नट: कार्ब्युरेटरचे ठीक, वॉटरपंपाचे सगळे गोल. सिलवर चुंबक नीट चिकटला नाही, डाव्या बाजूला तर अजिबात नाही. खालून ताज्या काळ्या अंडरकोटचा जाड थर. जॅक लावायला ते आधी नाही म्हणाले, मग म्हणाले ‘लावा, पण जबाबदारी तुमची’. डावी बाजू उचलल्यावर दरवाजा उघडला, परत लावताना मात्र वरच्या कोपऱ्यात अडला. ते म्हणाले बिजागरीचं काम राहिलंय. ऑइल प्रेशर सुंदर, इंजिन गोड चालतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरच्या पट्टीवरचा नंबर जुळत नाही.

काका, आता किंमत पाडून मागू का? की सोडूच?

भोसरी_टूलरूम

बिजागरी गाडी जमिनीवर असतानाही अडते, फक्त उचलल्यावर नाही.

मागायचीच असेल तर प्रोजेक्टच्या भावात मागा, कारण पत्र्याच्या दृष्टीने तो प्रोजेक्टच आहे, वर रंगही खरवडायला लागणार. ते देणार नाहीत. आणि इंजिन नंबर त्यांनी आधी त्यांच्या आरटीओत आरसीवर दुरुस्त करून घ्यावा, मगच बोलणी. तुमच्या नावावर झाल्यावर तो घोळ तुमचा. मला विचाराल तर सोडा.

घाई करू नका. दिवाळीनंतर रॅल्या सुरू होतात, तिथे गाड्यांपेक्षा गाड्यांबरोबर आलेल्या मिस्त्रींशी बोला. कोणाच्या घरी काय उभं आहे आणि कोणाचा मुलगा परदेशी गेलाय हे मालकांआधी त्यांना माहीत असतं. विटकी गाडी तिथेच सापडेल. आणि बघायला जाताना मला आदल्या दिवशी फोन करा, मीही येईन. गुडघे दुखतात, पण गाडीखाली अजून जाता येतं.

घाटवाट

ठरलं काका. मुंबईवाल्यांना नाही कळवलं. साताऱ्याच्या मालकांनाही फोन करून टाकतो.

लाल_टप

थांबा, थांबा. साताऱ्याची सोडताय का नक्की? आरसी कोणाच्या नावावर आहे ते कळलं का? नंबर पाठवता का?

घाटवाट

मालकांच्या स्वतःच्या नावावर आहे, ठणठणीत आहेत. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जोड-गिअर) आहे का ते मी बघितलं नाही, ते बघा.