मदत हवी आहे: कॅन एफडी (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती डेटा बस) २ एमबीपीएसला नीट चालतं, ५ ला एरर फ्रेमचा पाऊस

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिक गाडीच्या वायरिंगची टेस्ट बेंच लावली आहे. सात नोड (बसला जोडलेले कंट्रोलर), आर्बिट्रेशन (कोण आधी बोलणार हे ठरवायचा टप्पा) ५०० केबीपीएस. डेटा फेज (प्रत्यक्ष डेटा पाठवायचा टप्पा) २ एमबीपीएसला ठेवली तर दिवसभर एकही एरर नाही. ५ ला नेली की दोन मिनिटांत एक नोड बस-ऑफ, म्हणजे चुका वाढून बसवरून बाहेर.

टर्मिनेशन (टोकांचे रोधक) तपासलंय: पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या बसच्या दोन तारांमध्ये बरोबर ६० ओहम येतात, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोधक जागेवर आहेत. खरं दुखणं मुख्य लाइनवरून निघालेल्या दोन फाट्यांचं वाटतं, प्रत्येकी दीड मीटर. (हार्नेस माझा नाही, आयता गळ्यात पडलाय.) स्कोपवर डॉमिनंटकडून (० बिट) रिसेसिव्हकडे (१ बिट) जाताना भरपूर रिंगिंग, म्हणजे सिग्नलचं थरथरणं दिसतं. साहजिकच आहे, रिसेसिव्हला ट्रान्सीव्हर (नोडला बसशी जोडणारी चिप) लाइन सोडून देतो, मग परावर्तन दाबायला कोणी नसतं. ५ एमबीपीएसला बिट जेमतेम २०० नॅनोसेकंदांचा, सॅम्पल पॉइंट (बिट वाचायची वेळ) त्याच्या ७० टक्क्यांवर. तोवर लाइन शांतच होत नाही.

फाटे कापणं शक्य नाही. सिग्नल इम्प्रूव्हमेंटवाले, म्हणजे एसआयसी ट्रान्सीव्हर फक्त फाट्यांवरच्या दोन नोडवर बसवून भागेल, की सातही बदलावे लागतील? रिंगिंग दाबण्याचं काम पाठवणारा नोड करतो, म्हणून शंका आहे. सॅम्पल पॉइंट ८० टक्क्यांवर नेऊन कोणाला फरक पडलाय का? कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवर सारखा येणारा गोंगाट अडवणारी कॉइल) लावा असा सल्ला मिळाला, पण त्याने हे रिंगिंग जाईल असं मला वाटत नाही.

प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा, स्कोपचे फोटो लागले तर टाकतो.