मदत हवी आहे: दहा कुमारींचा दाखला तरुण मुलांना कसा सांगू?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) दुसऱ्या रविवारी तरुण संघात बायबलमधल्या मत्तय 25:1-13 वर बोलायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकलंय.

दाखल्यात दहा कुमारी दिवे घेऊन वराला भेटायला निघतात, पण जास्तीचं तेल फक्त पाच शहाण्या नेतात; वर उशिरा येतो, बाकीच्या पाचजणी तेल आणायला जातात तोवर दरवाजा बंद होतो. अडचण तेलाची आहे. शहाण्या पाचजणी तेल देत नाहीत, उलट विकत आणायला पाठवतात. माझी नववीतली पुतणी फटकन म्हणाली, "काकू, एरवी डबा वाटून खा म्हणता, मग इथे तेल का नाही?" शिवाय पाचव्या वचनात डोळा तर दहाही जणींचा लागतो. मग तयारी म्हणजे जागरण नव्हेच! तेलाचे अर्थ विश्वास, पवित्र आत्मा, सत्कर्मं असे वेगवेगळे लावतात. मला वाटतं, ऐनवेळी उसनी मिळत नाही अशी गोष्ट, एवढं मुलांना पुरे.

पण सकाळी ठाण्याची गर्दीची लोकल, मग कॉलेज, क्लास, अशा पोरांना रोजची तयारी म्हणून नेमकं काय सांगाल? नुसतं "बायबल वाचा, प्रार्थना करा" म्हटलं की जांभया सुरू. आणि शेवटचा बंद दरवाजा, न घाबरवता कसा मांडायचा? कुणी हा पाठ घेतला असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा, शनिवारी आमची कॅरल राउंड (घरोघरी नाताळची गाणी गाण्याची फेरी) आहे.