मदत हवी आहे: विम्याच्या क्लेममधून दुरुस्त झालेली गाडी डावीकडे ओढते, कंपनी आणि गॅरेज दोघंही हात वर करायलेत

मांजराकाठ (लातूर)
कुणीतरी लवकर सांगा, डोकं चालेना झालंय. गाडी दुरुस्त होऊन आली त्याला आज नववा दिवस. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की डावीकडे जाते. डावा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. काल गाडी धुतली तर पायाखालचं मॅटिंग ओलं. गॅरेजवाला म्हणतो सर्व्हेअरनं (विमा कंपनीनं नुकसान तपासायला पाठवलेला माणूस) मंजूर केलं तेवढं केलं. कंपनीला फोन केला तर म्हणतात काम गॅरेजचं, त्यांच्याशी बोला. वडिलांना दर महिन्याला तपासणीला सोलापूरला न्यावं लागतं, त्यांना या गाडीत बसवायची हिंमत होईना. काय करावं?

गोदाकाठ_नांदेड
गाडी कोणती, किती वर्षांची? कॅशलेस की आधी स्वतः भरले? धडक कुठं बसली? यातलं काहीच लिहिलं नाही, सांगायचं काय?

मांजराकाठ
पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, ३ वर्षं ४ महिने झाले. कॅशलेस. रेणापूरच्या पुढं रात्री उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. डावा पुढचा कोपरा गेला. बंपर, फेंडर, हेडलाईट, चाक, दरवाजाचा पत्रा. झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्याचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून घ्यायचं जादा कव्हर) नाही. माझ्याकडून २१,६०० घेतले.

परभणीकर७२
२१,६०० बरोबरच असतील. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या पार्टवर ५० टक्के कापतात, काचेवर काहीच नाही. तुमची गाडी तीन ते चार वर्षांतली, म्हणून लोखंडी पार्टवर २५ टक्के. रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. पुढच्या वर्षी झिरो डेप घ्या.

मांजराकाठ
दादा, पैसे कापल्याची तक्रारच नाही. गाडी सरळ चालेना ही तक्रार आहे.

सिंदफणा
आमच्याकडं गेवराई रस्त्यावर मागच्या हंगामात असंच झालं. कारखाने सुरू झाले की रात्री गाडी काढायची भीती वाटते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि मागं लाल कापडसुद्धा नाही. पंचनामा केला का? ट्रॅक्टरच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागता येते.

मांजराकाठ
ट्रॉली मिनिटभरात निघून गेली. नंबर नाही.

गोदाकाठ_नांदेड
सिंदफणा, रिफ्लेक्टरचा वेगळा धागा काढा, मी स्वतः लिहीन तिथं. इथं गाडीचं बघू.

गंजगोलाई_फॅन
एवढं कशाला ताणता. गंजगोलाईच्या मागं आमचा मिस्त्री आहे, तीस वर्षं चेसिस ओढतोय. दोन तासांत सरळ करून देईल. कंपनीच्या मागं लागण्यात जेवढं पेट्रोल जाईल तेवढ्यात काम होतं.

वाळूज_बॉडीशॉप
अजिबात नेऊ नका. मी १४ वर्षं बॉडीशॉपमध्ये आहे. बाहेरच्या मिस्त्रीनं एक बोल्ट जरी ढिला केला तरी गॅरेज म्हणणार, आमच्या कामात दुसऱ्यानं हात घातला. मग तुमच्याकडं दाखवायला काही उरत नाही. आधी फक्त मोजून घ्या. व्हील अलाइनमेंट करा आणि प्रिंट मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय) जुळवता येतो, कँबर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) जुळवता येत नाही. टो नीट करूनही प्रिंटवर डाव्या चाकाचा कँबर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, राहिला तर चाक धरून ठेवणारं लोअर आर्म, नकल नाहीतर स्ट्रट, काहीतरी वाकडं आहे. दरवाजाला नोटेची चाचणी करा. बीडिंग (दरवाजाच्या चौकटीचं रबर) आणि दरवाजाच्या मधे दहाची नोट धरून दरवाजा लावा आणि ओढा. अडली पाहिजे. जिथून सहज निघते तिथून पाणी येतंय.

गंजगोलाई_फॅन
म्हणजे वाकडी गाडी महिनाभर चालवायची का? त्यात वडील आजारी.

वाळूज_बॉडीशॉप
वडिलांना यातून नेऊ नका, एका फेरीपुरती भाड्याची गाडी करा. पण पुरावा मोडू नका एवढंच म्हणणं आहे. आणि अलाइनमेंटवाल्यानं नुसतं मोजायचं आणि टो जुळवायचा, बाकी काही खोलायचं नाही.

धाराशिवची_वकील
मांजराकाठ, गाडी ताब्यात घेताना कशाकशावर सही केली?

मांजराकाठ
तीन कागद होते ताई. संध्याकाळ झाली होती, सोबत वडील थकलेले, वाचलं नाही. एकावर ‘काम समाधानकारक’ असं काहीतरी होतं.

परभणीकर७२
मग संपलं. सही म्हणजे सही.

धाराशिवची_वकील
संपलं नाही. काउंटरवर उभं राहून कँबर दिसत नाही, पाऊस पडल्याशिवाय गळतीही कळत नाही. पण आजच्या आज लिहून कळवा, उशीर जितका होईल तितकी ती सही जड होत जाईल. फोन बंद करा, सगळं ईमेलवर. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, गॅरेजला प्रत पाठवा. क्लेम क्रमांक, गाडी मिळाल्याची तारीख, तिन्ही दोष, फोटो. दोन गोष्टी मागा: गाडीची पुन्हा पाहणी आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत. कॅशलेस म्हणजे गॅरेज कंपनीनं आपल्या यादीत घेतलेलं असतं, कंपनीनं थेट त्याला पैसे दिलेत. ‘त्यांच्याशी बोला’ म्हणून सुटता येणार नाही.

परभणीकर७२
ईमेलला कोण विचारतं. सरळ विमा लोकपालाकडं (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारा अधिकारी) जा. माझा क्लेम नाकारला होता, पुण्याच्या लोकपाल कार्यालयातून पूर्ण पैसे मिळाले. फी नाही, वकील नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही.

धाराशिवची_वकील
दादा, तुम्हाला पैसे मिळाले याचा आनंद आहे, पण तुमचं प्रकरण वेगळं. तुमचा क्लेम नाकारला होता, यांचा मंजूर होऊन काम बिघडलंय. लोकपालाकडंही थेट जाता येत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की मग. आणि लोकपाल विमा कंपनीला सांगू शकतो, गॅरेजला नाही. इथं दोष दोघांचा दिसतोय, म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोग म्हणते. तिथं कंपनी आणि गॅरेज दोघांना पक्षकार करता येतं, राहत्या जिल्ह्यातच दाखल होतं, दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही.

परभणीकर७२
आणि आयोगात तारखा किती पडतात ते पण सांगा ताई. माझ्या मेहुण्याचा टीव्हीचा खटला दोन वर्षं चालला.

धाराशिवची_वकील
पडतात, खोटं बोलणार नाही. म्हणून तर आधी पुन्हा पाहणी मागायची, बऱ्याच वेळा तिथंच सुटतं. एक लक्षात ठेवा, आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तेच ऐकत नाही. रस्ता निवडून जा.

गोदाकाठ_नांदेड
ईमेलला दाद नाही दिली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका, किंवा १५५२५५ वर फोन. टोकन नंबर पडला की कंपनीतला माणूस स्वतः फोन करतो, हा माझा अनुभव.

वाळूज_बॉडीशॉप
मांजराकाठ, अजून एक. बिल घेऊन बसा आणि एकेक ओळ गाडीवर शोधा. जिथं नवीन लावल्याचं लिहिलंय तो पार्ट खरंच नवीन आहे का बघा.

मांजराकाठ
कालचं सांगतो. वाळूजवाले दादा, तुमचे उपकार. अलाइनमेंट केलं. टो हिरवा आला, डाव्या चाकाचा कँबर आधीही लाल, नंतरही लाल. उजवा बरोबर. मग रॅम्पवर असतानाच बिल घेऊन खाली उभा राहिलो. बिलात ‘लोअर आर्म डावा, १ नग’ असं आहे, माझ्याकडून त्याचे २५ टक्के घेतलेत. गाडीला जो आर्म आहे त्याच्यावर गंज, सांध्यात वाळलेली काळी माती. बोल्टच्या डोक्यावर मात्र पान्याच्या ताज्या चकाकत्या खुणा. जुनाच काढून ठोकून परत बसवलाय. खाली उभं राहून ते बघताना हात कापायला लागले. सोलापूरचा रस्ता, आणि वडील शेजारी बसणार होते.

नोट दरवाजाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यातून लोण्यासारखी निघाली. प्रिंट, बिल, फोटो लावून ईमेल केलं. आज दुपारी कंपनीतून पहिल्यांदा त्यांचा फोन आला. गुरुवारी ११ वाजता त्याच गॅरेजात दुसरा सर्व्हेअर बघणार.

धाराशिवची_वकील
फोनवर ठरलेलं लगेच ईमेल करून पक्कं करा. ‘आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ म्हणून.

गंजगोलाई_फॅन
बरं झालं माझं ऐकलं नाही. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

वाळूज_बॉडीशॉप
गाडी आदल्या दिवशी सोडायला सांगतील, सोडू नका. रातोरात आर्म बदलतात आणि सकाळी ‘बघा, नवीनच आहे’ म्हणतात. ११ ला जा, सर्व्हेअर आल्यावरच गाडी रॅम्पवर चढू द्या, तुम्ही खाली उभे राहा. काढलेला जुना आर्म कुठं आहे ते सगळ्यांसमोर विचारा. नवीन बसवला असता तर जुना असायला पाहिजे.

मांजराकाठ
ईमेल केलं ताई. दादा, आदल्या दिवशी सोडा असा खरंच फोन आला होता, नाही म्हणलो. आर्मवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देऊन, त्या दिवशीचा पेपर शेजारी धरून फोटो काढलाय. गुरुवारी मीच घेऊन जातो, चाळिसाच्या वर नाही. वडिलांची तपासणी शुक्रवारी आहे, गाडी भाड्यानं ठरवली.