केळीच्या मुलखातून बर्फातले खेळ बघायला जावं का?

रावेरकर:
मी म्हणतो, जावं. 2025 च्या जानेवारीत लेकीला घेऊन लेहला गेलो, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बघायला. ती रोलर स्केटिंग करते. इथे पारा आठवर आला की केळीला चरका बसतो म्हणून आपण रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. तिथे भरदुपारी हात खिशातून काढवेना. गुपुक्सचं तळं गोठून दगड झालेलं, त्यावरच स्केटिंगच्या शर्यती. बुटांची पाती बर्फाला घासतात तो करकर आवाज टीव्हीवर कधी जाणवला नव्हता. महाराष्ट्राची पोरं उतरली तेव्हा पोरीचा ओरडून घसा बसला. त्यातली बरीच रोलरवरच शिकलेली, हे तिला तिथे कळलं. घरी आल्यापासून पहाटे स्वतःहून उठते.

भुसावळकर:
भाऊ, पोरीचं कौतुकच आहे, पण सल्ला पटला नाही. दोघांचं विमानभाडं, मुक्काम, गरम कपडे. तेवढ्या पैशात तालुक्यातल्या किती पोरांना बूट येतील! आणि बर्फाचा भरवसा काय? त्याच वर्षी याच स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत ठरला होता, बर्फ कमी म्हणून 9 मार्चवर गेला. शेतकऱ्याने हरभरा काढणी सोडून तारखांमागे धावायचं?

चोपड्याची ताई:
ल्यूज म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीतला शिव केशवन 1998 ते 2018 सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. 2022 ला बीजिंगमध्ये भारताचा खेळाडू एकच, गुलमर्गच्या उतारावर घडलेला स्कीपटू आरिफ खान. आपल्या गावात ही नावं किती जणांना ठाऊक आहेत? घरच्या देशातल्या स्पर्धेलाच आपण फिरकत नाही, मग कळणार कसं?

भुसावळकर:
ताई, टाळ्यांनी सराव होत नाही. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फाची रिंक बांधली, ती कित्येक वर्षं बंद पडून होती. आधी सोय, मग प्रेक्षक.

रावेरकर:
दादा, तीच रिंक 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा, म्हणजे बर्फावरच्या वेगवान स्केटिंगच्या शर्यती, झाली. ऑगस्टात! म्हणजे हरभराही आड येत नाही, विमानही लागत नाही. भुसावळहून दिल्ली, पुढे देहरादून, सगळं रेल्वेनं. बंद रिंकसमोर प्रेक्षक कुठून येणार हे मान्य, पण चालू झालेली रिकामी राहिली तर तिच्या विजेचं बिल कोण आणि किती दिवस भरणार?

धुळ्याचा आप्पा:
लेहला जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस खोलीत आराम करा. साडेतीन हजार मीटर उंची आहे. आमच्या सोबत्याने ऐकलं नाही, सामना सोडून दवाखान्यात बसला.

भुसावळकर:
लेहचं अजूनही पटत नाही. देहरादूनला पुढची स्पर्धा ठरली तर कळवा, पुतण्याला पाठवतो, तोही स्केटिंग करतो. पण तालुक्याच्या मैदानाचा अर्ज पंचायत समितीत पडून आहे, त्यावर तुमची सही हवी.

रावेरकर:
रविवारी भुसावळला येतो, अर्ज काढून ठेवा.