'ओके' म्हणजे काय समजायचं?

नाना, बी-२०४: सेक्रेटरीसाहेब, वरची टाकी ओसंडून वाहतेय हे आज तिसऱ्यांदा लिहितोय. उत्तर काय, तर 'ओके'. ओके म्हणजे काय समजायचं? वाचलं, की प्लंबरला सांगितलं?

सेक्रेटरी: नाना, मेसेज मिळाला एवढाच अर्थ. मी ऑफिसात आहे. 🙏

भाऊ, ए-१०१: (फॉरवर्डेड) अमेरिकन यादवी युद्धात एकही सैनिक दगावला नाही की छावणीबाहेर 'झिरो किल्ड' लिहीत. तोच ओके! सगळ्यांना पाठवा 🙏🙏

वहिनी, सी-३०३: भाऊ, ते युद्ध १८६१ला सुरू झालं. ओके त्याच्या २२ वर्षं आधी छापून आलंय, २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. तेव्हा तिथल्या पेपरवाल्यांत स्पेलिंग मुद्दाम चुकवून नुसती आद्याक्षरं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट'मधला 'ऑल' यांनी 'ओ'ने सुरू केला, 'करेक्ट' 'के'ने. 'ऑल राइट'चंही असंच 'ओ. डब्ल्यू.' केलं होतं, ते कुणाला आठवतही नाही.

डी-४०१: मग ओकेच कसं टिकलं?

नाना, बी-२०४: टाकीचं काय?

वहिनी, सी-३०३: १८४०च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी ओके क्लबच काढले.

डी-४०१: निवडून आले?

वहिनी, सी-३०३: नाही, हॅरिसन आले.

खजिनदार: म्हणजे उमेदवार पडला, घोषणा निवडून आली 😄

डी-४०१: आपल्याकडे उलटं. उमेदवार आले, पार्किंगची घोषणा पडली.

खजिनदार: पार्किंगचा विषय एजीएममध्ये काढा. तिथे तुम्ही नव्हता.

भाऊ, ए-१०१: (फॉरवर्डेड) अमेरिकन यादवी युद्धात एकही सैनिक…

वहिनी, सी-३०३: भाऊ, परत तेच? ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुने पेपर धुंडाळून १९६०च्या दशकात हे दाखवून दिलंय. पुरावा समोर असताना खोटं फिरवू नये, मुलंही हा ग्रुप वाचतात.

भाऊ, ए-१०१: मला मेव्हण्याने पाठवलं. तो अमेरिकेत असतो.

नाना, बी-२०४: अमेरिका राहू द्या. जिन्यात पाणी आलंय. बी विंगमध्ये गुडघेदुखीवाले चौघे आहेत, कुणी घसरलं तर?

सेक्रेटरी: नाना, वॉचमनला पंप बंद करायला सांगितलंय. प्लंबर ६ वाजता येतोय. बी विंगचं पाणी ६ ते ७ बंद राहील, भरून ठेवा.

नाना, बी-२०४: आता कळलं. असं लिहीत जा.

भाऊ, ए-१०१: ए विंगचं पण बंद का?