लेविस पळाला की वेळेवर थांबला?

हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता लेनॉक्स लेविस हा प्रतिस्पर्धी बॉक्सर व्हिताली क्लिचकोला घाबरून निवृत्त झाला, हे काही पटत नाही. जून २००३ ची लॉस एंजेलिसची लढत सहाव्या फेरीनंतर डॉक्टरांनी थांबवली, तेव्हा तिन्ही पंचांकडे क्लिचको ५८-५६ ने पुढे होता, हे खरं. मग तो हरला कसा? त्याच्या डाव्या डोळ्यावरची जखम ठोशाने झाली होती, म्हणून टीकेओ (टेक्निकल नॉकआउट), म्हणजे लढत थांबली की जखमी बॉक्सर हरला. डोकं चुकून आपटून तीच जखम झाली असती, तर चार फेऱ्या उलटल्यामुळे गुण मोजले गेले असते आणि विजेतेपदाचा पट्टा क्लिचकोकडे गेला असता. नियम सगळा एवढ्यावर फिरतो.

परतीची लढत न दिल्याचा चाहत्यांचा राग मात्र रास्त आहे. पण लेविसचं वजन बघा: २५६.५ पौंड, कारकिर्दीतलं सर्वाधिक, आणि तेही मूळ प्रतिस्पर्धी जखमी झाल्यावर ऐनवेळी आलेल्या क्लिचकोसमोर. दम लवकर संपला तो त्यामुळेच. फेब्रुवारी २००४ मध्ये, ३८ व्या वर्षी थांबताना नोंद ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी. ते दोन पराभव करणारे मॅकॉल आणि रहमान, दोघांचेही हिशेब त्याने परतीच्या लढतीत चुकते केले होते. पळपुट्याची नोंद अशी नसते हो!