जुन्या डिझेल जीपचा रेडिएटर बदलावा की आधी होज पाइप तपासावेत?

प्रश्न – धरमपेठकर

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे, २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनाची. भर मे महिन्यात नागपूरच्या व्हरायटी चौकात १० मिनिटे खोळंबली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मात्र जबलपूर रस्त्याने मनसरकडे निघून कन्हानचा पूल ओलांडला आणि ताशी ७० किलोमीटरचा वेग थोडा वेळ टिकवला, की काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. तेलात पाणी उतरलेले नाही आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडेही दिसत नाहीत. मेकॅनिकने जुना तांब्याचा रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा बसवण्याचा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह) कायमचा काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणारे रबरी होज पाइप ८ वर्षांचे असले तरी वरून चांगले दिसतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कामठी रोड

नमस्कार. आपण लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. गाडी उभी असताना तापत असती तर पंखा, त्याचा पट्टा किंवा पंख्याभोवतीचे कव्हर यांवर संशय घेतला असता; वेगात तापते याचा अर्थ हवा पुरेशी मिळते आहे, पण इंजिनाला हवे तेवढे पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. हे रेडिएटरचा कोअर, म्हणजे आतल्या नळ्यांची जाळी, चोंदल्यामुळे होते, तसेच खालच्या होज पाइपमुळेही होते.

वॉटर पंप खालच्या होजमधून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर रेस वाढताच तो पाइप आतल्या बाजूला चपटा होतो आणि रेस सोडली की पुन्हा फुगतो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत सगळे पूर्ववत झालेले असते, म्हणून दोष सापडत नाही. इंजिन चांगले तापल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्या कोणाला रेस द्यायला सांगावी आणि आपण पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवून बॅटरीच्या उजेडात त्या पाइपकडे पाहत राहावे. पाइप इंजिन बंद होऊन थंड झाल्यावर चपटा दिसत असेल, तर दोष पाइपचा नसून रेडिएटरच्या झाकणाचा आहे. थंड होताना पाणी किंवा हवा आत घेणारा झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

झाकण तसेही नवीनच घ्यावे, मात्र जुन्यावर छापलेल्या दाबाचेच. ०.९ किलो दाबाचे झाकण नीट दाब धरत असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग ढिली पडली की ही सगळी सवलत जाते.

उत्तर – जुनी जीप, उमरेड

थर्मोस्टॅट काढू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्याविना डिझेल इंजिन हिवाळ्यात नीट तापतच नाही, धूर वाढतो आणि सिलिंडरची झीज होते. जुना थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात, भांड्याला टेकणार नाही असा सोडावा आणि पाणी तापवत जावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला नाही तर नवीन घ्यावा.

तांब्याचा रेडिएटर घाईने मोडीत देऊ नये. आपल्याकडे वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले जाते, त्याचे क्षार नळ्यांमध्ये बसतात. चांगला कारागीर वरची-खालची टाकी सोडवून प्रत्येक नळीतून सळई फिरवतो, गळतीच्या जागी डाख देतो आणि पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासतो. जाळीच्या पत्र्या बोटाने दाबताच भुगा होऊन गळत असतील, तर मात्र कोअरच बदलावा लागतो. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णताही चांगली सोडते. पण अशा रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला तर रानातल्या रस्त्यावर त्याला डाख देता येत नाही. पेंचच्या बाजूला वारंवार जाणाऱ्या माणसाने तांब्याचाच ठेवावा, असे माझे मत आहे.

उत्तर – कामठी रोड

होज पाइपबद्दल लिहायचे राहिले होते. वरून चकचकीत दिसणारा पाइप आतून चिरलेला असू शकतो. टोकापासून दोन बोटे अंतरावर दाबून पाहावे; तिथे तो मधल्या भागापेक्षा मऊ लागला किंवा दाबताना आत करकर जाणवली, तर त्याचे आयुष्य संपले आहे. ८ वर्षांनंतर वरचा, खालचा आणि थर्मोस्टॅटजवळचा आखूड बायपासचा, असे सगळे एकदमच बदलावेत. बसवण्यापूर्वी धातूच्या तोंडावरचा पांढरा थर पॉलिश पेपरने घासून काढावा. पाइप सरकत नाही म्हणून ग्रीस लावू नये, तेलाने हे रबर फुगते. थोडे कूलंट पुरते. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाले की क्लिपा पुन्हा आवळाव्यात. भरण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे, गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून सावकाश ओतावे. काढलेले कूलंट उघड्यावर सांडू नये. ते गोड लागते, कुत्री आणि जनावरे ते पितात आणि मरतात.

धरमपेठकर

आपण दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी भावाला रेस द्यायला लावली, तेव्हा खालचा पाइप मधोमध बोटभर आत गेलेला मी स्वतः पाहिला. काढल्यावर आतून गंजलेल्या स्प्रिंगचे तीन तुकडे निघाले. रेडिएटर सळई मारण्यासाठी कारागिराकडे दिला आहे आणि थर्मोस्टॅट पातेल्यात व्यवस्थित उघडला, म्हणून तोच परत बसवणार आहे. नवीन खालचा होज मात्र दुकानात स्प्रिंगशिवाय मिळतो आहे. जाड, कापडी थराचा असेल तर तो चालेल, की स्प्रिंग वेगळी शोधून आत घालावी?

जुनी जीप, उमरेड

कारखान्यातून आपल्या पाइपात स्प्रिंग होती, तेव्हा ती घालावीच. फक्त स्टेनलेस स्टीलची पाहून घ्यावी.